कमी कॅलरीचं, पण ताकद देणारं काय खाऊ?

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे कुठं चुकत असेन तर तुम्हाला सांगता येईल. वय ४४, उंची साडेपाच फूट, बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत मोल्डिंगला, शिफ्ट आठ तासांची आणि त्यातला बहुतेक वेळ उभ्यानं. वजन ८४ किलो होतं. पाच महिन्यांपूर्वी भाकरी-भात बंद केला आणि "रविवार सोडून" 'कमी कॅलरीचं' सुरू केलं. सकाळी चार डायजेस्टिव्ह बिस्किटं, दुपारी डब्यात काकडी-टोमॅटो, संध्याकाळी घरी आल्यावर चिरमुरे, रात्री पाकिटातलं सूप. पहिल्या पंधरा दिवसांत चार किलो उतरले आणि तेव्हापासून काटा ८० वर बसलाय तो हलेना. दुपारी तीननंतर हातपाय गळतात, घरी गेल्यावर पोरांवर चिडचिड होते. मंडळी म्हणतात भाकरी खावा, तुम्ही म्हणता भाकरीत कॅलरी. आणि शेवटी विचारलंय, "कमी कॅलरीचे, पण ताकद देणारे पदार्थ कुठले, तेवढी यादी द्या की."

यादी लगेच देत नाही, कारण त्या वाक्यातच गाठ आहे. कॅलरी हे ऊर्जेचंच माप आहे, जसं लिटर हे दुधाचं. 'कमी कॅलरीचं पण भरपूर ऊर्जा देणारं' म्हणजे गवळ्याला 'अर्धा लिटर घाला, पण दूध एक लिटर भरलं पाहिजे' असं सांगणं. असा पदार्थ ना बाजारात आहे ना शेतात. पाकिटावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या दिसल्या तर समजा, छापणाऱ्यानं तुमचा हा गोंधळ ओळखलाय.

पण तुमचा त्रास खोटा नाही. गोंधळ शब्दाचा आहे. बेळगावात मी चोवीस वर्षं आहारसल्ल्याचं काम करते. माझ्यासमोर बसणारा अर्धा माणूस मराठीत "अंगात त्राण नाही" म्हणतो आणि अर्धा कानडीत "भाळ सुस्त आगेतरी" म्हणतो. दोघांनाही म्हणायचं असतं की उत्साह नाही. आणि दोघंही धरून चालतात की उत्साह हा खाण्यातून थेट अंगात ओतला जातो. खाण्यातून मिळते ती ऊर्जा. उत्साह वाटायला ती लागतेच, पण तेवढ्यानं भागत नाही.

हे मला नीट कळलं ते सलाईनच्या बाटलीमुळं. खानापूरकडच्या एका खेड्यातल्या बाई दर महिन्याला गावातल्या दवाखान्यात जाऊन 'ताकदीची बाटली' लावून घ्यायच्या. कापणीच्या दिवसांत दोनदा. मी हिशेब करून दाखवला. ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, तिच्या होतात ८५ ते १०० कॅलरी. एका मध्यम केळ्यात त्याहून थोड्या जास्तच. आणि नुसती मिठाच्या पाण्याची बाटली असली तर कॅलरी शून्य. बाई म्हणाल्या, "पण लावल्यावर बरं वाटतंय की हो." वाटणारच. तासभर आडवं पडायला मिळतं, अंगात पाणी जातं, कुणीतरी विचारपूस करतं. त्यांचं रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सातच्या घरात निघालं. त्यांना कॅलरीची टंचाई नव्हतीच, लोहाची होती.

तुमच्या फौंड्रीत क्युपोला, म्हणजे कोकवर लोखंड वितळवायची भट्टी, असेल तर हे तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर समजेल. कोक भरपूर टाकला आणि हवा मारणारा ब्लोअर बंद पडला तर धातू वितळेल का? जेवणातली पिष्टं, चरबी आणि काही प्रमाणात प्रथिनं हा कोक. रक्तातल्या लोहावर बसून येणारा प्राणवायू हा ब्लोअर. पेशींच्या आत हे जळण वापरण्याचं काम चालतं त्याला ब गटातली जीवनसत्त्वं लागतात, थायरॉइडचा हुकूम लागतो. फरक इतकाच की भट्टीत सगळं एकदम पेटतं, शरीरात ज्वाळा नाही. घासातली ऊर्जा टप्प्याटप्प्यानं काढून एटीपी नावाच्या छोट्या छोट्या पुड्यांत भरली जाते, आणि स्नायू, मेंदू, हृदय ती पुडी फोडून वापरतात. एका वेळी अंगात अशा पुड्यांचा साठा काही तोळेच असतो. पण त्या इतक्या वेळा रिकाम्या होऊन पुन्हा भरल्या जातात की दिवसाची बेरीज आपल्या वजनाच्या आसपास जाते. म्हणून काही मिनिटं प्राणवायू थांबला तर माणूस संपतो, आणि काही दिवस जेवण थांबलं तरी जगतो.

आता कॅलरीचा आकडा येतो कुठून ते थोडक्यात, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. आपण बोलताना आणि पाकिटावर वाचताना जिला कॅलरी म्हणतो ती हीच. विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८९०च्या दशकात माणसाला खोलीएवढ्या बंद यंत्रात काही दिवस ठेवून तो किती खातो आणि त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजलं. त्याच्या कामातून निघालेले आकडे आजही चालतात. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिन ४, एक ग्रॅम तेल-तूप ९, दारू ७. चोथ्याच्या साधारण २, त्याही आतड्यातल्या जिवाणूंच्या कृपेनं. पाण्याच्या शून्य. गंमत म्हणजे प्रथिन भट्टीत पूर्ण जाळलं तर ग्रॅमला साडेपाचाच्या वर उष्णता देतं. शरीराला ४ मिळतात, कारण उरलेली बरीचशी ऊर्जा युरियातून लघवीवाटे निघून जाते.

या यादीतलं सगळ्यात कामाचं कलम कोणतं, तर पाणी. बाजारात 'कमी कॅलरीचं' म्हणून जे जे खरोखर आहे ते बहुतेक पाणी धरून ठेवणारं आहे. काकडी, दुधी, दोडका, टोमॅटो, पालेभाज्या, ताक. शंभर ग्रॅम काकडीत १५ कॅलरी, कारण तिच्यात ९५ ग्रॅम पाणीच असतं. आणि जे 'हलकं' म्हणून खाल्लं जातं ते बहुतेक वेळा पाणी उडवलेलं असतं. चिरमुरे, टोस्ट, खाकरा, भाजके पोहे, बिस्किटं. हातात हलकं लागतं ते आतल्या हवेमुळं. हवेला कॅलरी नसते हे खरं, पण हवेनं पोटही भरत नाही.

माझ्या टेबलावर एक स्वयंपाकाचा वजनकाटा आणि लिटरचं माप कायम असतं. चिरमुरेवाल्या माणसाला मी ते माप स्वतःच्या हातानं भरायला लावते. शिगोशीग भरलेलं एक माप काट्यावर ओतलं की ६० ग्रॅमच्या आसपास भरतं. दोनशेच्या थोड्या वर कॅलरी. मग शेजारी जोंधळ्याचं पीठ ठेवते, एका मध्यम भाकरीला लागतं तेवढं, ५५ ग्रॅम. त्याच्या १९० कॅलरी. म्हणजे एक माप चिरमुरे आणि एक भाकरी, एकच हिशेब. ज्या भाकरीच्या भीतीनं तुम्ही पाच महिने काढले ती संध्याकाळी दुसऱ्या वेशात तुमच्या ताटात येतच होती. शिवाय चिरमुरे कोरडे कोण खातो आपल्याकडं? लसणाची फोडणी, मूठभर शेंगदाणे, वरून शेव. दोन चहाचे चमचे तेल ९०, तीस ग्रॅम शेंगदाणे १६० च्या वर, शेव शंभरेक. साधं भडंग साडेपाचशेवर जातं, आणि तासाभरानं पुन्हा भूक लागते. उपवासाच्या साबुदाण्याची तीच कथा. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यानं काटा न वापरताच हे ओळखलं होतं.

चिरमुरे वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मीही खाते. ते कमी कॅलरीचे आहेत हा समज वाईट.

बिस्किटांचंही सांगून टाकते. आपल्याकडं अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ चा नियम असा आहे की घन पदार्थावर 'कमी ऊर्जा' असा दावा करायचा तर शंभर ग्रॅमला ४० कॅलरीच्या वर जाता येत नाही, पातळ पदार्थाला शंभर मिलीला २०. आता तुमचं पाकीट उलटं करून बघा. डायजेस्टिव्ह बिस्किटं शंभर ग्रॅमला साधारण ४८० च्या घरात असतात, म्हणजे मर्यादेच्या बारा पट. कंपनीनं त्यावर 'कमी कॅलरी' लिहिलेलंही नसणार. गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि तपकिरी रंग बघून ते आपण मनात लिहिलं. तुमची चार बिस्किटं २८० कॅलरी, प्रथिन चार-पाच ग्रॅम, आणि दहा वाजता पोटात खड्डा.

शुगर-फ्री मिठाईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्या गावात हा विषय सोडता येत नाही. कुंद्यातली साखर काढली तरी खवा राहतो. म्हशीच्या एक लिटर दुधात हजारावर कॅलरी असतात आणि आटून त्याचा पाव किलोच्या आत खवा होतो. म्हणजे बिनसाखरेचाही शंभर ग्रॅमला चारशेच्या वर. मधुमेह्याला साखर टाळायला तो कामाचा असेल, वजनाला त्याचा उपयोग नाही. गोड लागणाऱ्या गोळ्यांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांवर विसंबू नका असंच सांगितलंय. मधुमेह आधीच असलेल्यांना तो सल्ला लागू नव्हता. गूळ आणि साखर यांत कॅलरीच्या बाबतीत नाव घेण्यासारखा फरक नाही, मग गूळ संकेश्वरच्या घाण्यावरचा का असेना. आणि गोकाकचं करदंट, डिंक-सुकामेवा-गूळ-तूप, ते तर थोडक्या घासात जास्तीत जास्त जळण कोंबण्यासाठीच बनलंय. ज्याला खूप राबायचंय आणि खायला वेळ नाही त्याच्यासाठी उत्तम. टीव्हीसमोर बसणाऱ्यासाठी नाही. शून्य कॅलरीचे म्हणाल तर फक्त मनातले मांडे. लग्नातल्या मांड्यांचा हिशेब मी कुणाला सांगत नाही, सांगितला की पुढच्या वर्षी आमंत्रण येत नाही.

आता तुमच्या थकव्याकडं येते. इथं बरंच काही परिस्थितीवर आहे आणि मी तुम्हाला समोर बघितलेलं नाही, त्यामुळं जपून वाचा.

तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि ८० किलो वजनाच्या पुरुषाला नुसतं पडून राहायला दिवसाला सोळाशेच्या आसपास कॅलरी लागतात. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, अंगाची ऊब, आणि मेंदू, जो एकटाच विश्रांतीतल्या खर्चाचा जवळजवळ पाचवा हिस्सा घेतो. त्यावर आठ तास उभ्यानं साचे भरणं. माझा अंदाज २६०० चा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेला आकडा मध्यम कष्टाच्या, ६५ किलोच्या पुरुषाला २७१० आहे, बैठ्या कामाच्या पुरुषाला २११० आणि जड कष्टाच्याला ३४७०. तुम्ही लिहिलेल्या खाण्याची बेरीज मी केली, भडंग धरून अकराशे-बाराशे होते. म्हणजे निम्म्याहून कमी.

१९४४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या संशोधकानं ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना कसं उभं करायचं हे शिकायला. त्यांना सहा महिने सरासरी १५७० कॅलरी दिल्या. बटाटे, सलगम, पाव असलं साधंच खाणं. वजन पाव हिश्श्यानं घटलं, हे झालंच. पण त्यांना उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली, जिने चढवेनात, चिडचिड वाढली, आणि दिवसरात्र डोक्यात जेवणाशिवाय दुसरा विषय राहिला नाही. काहींनी वेळ घालवायला पाककृतींची पुस्तकं जमवली. त्यांनी १५७० वर हे भोगलं. तुम्ही कागदावर त्याहून खाली आहात आणि वर फौंड्रीच्या धगीत काम करताय. चिडचिड होते म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

तुम्ही विचाराल, अंगावर चरबी असताना ताकद का कमी पडते? प्रश्न बरोबर आहे. ८० किलोच्या अंगावर वीस किलो चरबी धरली तर ती दीड लाख कॅलरी होते. पण चरबी ही पतसंस्थेतली मुदत ठेव. मिळते, पण तिच्या चालीनं. मोल्डिंग बॉक्स उचलायला, वाळू ठोकायला लागतो तो खिशातला रोख पैसा, म्हणजे स्नायूंतला आणि यकृतातला पिष्टाचा साठा, ग्लायकोजेन. तो सगळा मिळून अर्धा किलोच्या आसपास. सकाळी बिस्किटं आणि दुपारी काकडी यांवर तो खिसा पुन्हा भरतच नाही. तीन वाजता हातपाय गळतात ते यानं असावं.

याच खिशात तुमच्या पहिल्या चार किलोंचं उत्तर आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भाकरी-भात एकदम बंद केला की तो साठा रिकामा होतो, त्याच्याबरोबर पाणी जातं, मीठ कमी झालं की आणखी पाणी जातं, आतड्यातला माल कमी होतो. दोन-अडीच किलो असेच उतरतात. चरबी त्यातली थोडी. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, पंधरा दिवसांत चार किलो चरबी जाळायची तर रोज दोन हजारांची तूट लागली असती. तेवढी तुमची नव्हती. त्यामुळं 'आधी पटापट उतरत होतं, मग शरीर अडून बसलं' ही गोष्ट बरीचशी काट्यानं रचलेली आहे.

तरीही बाराशे खाऊन साडेचार महिने वजन जागचं हललं नाही, हे गणित मला जुळत नाही. खर्च कमी होतो हे खरं. थकलेला माणूस नकळत कमी हलतो, वजन घटलं की गरज घटते, शरीरही थोडं हात आखडतं. पण २६०० चे १२०० होत नाहीत. म्हणजे कुठून तरी आत येतंय. तुम्ही खोटं सांगताय असं अजिबात म्हणत नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशाच लोकांना तपासलं, जे म्हणत होते आम्ही बाराशेच्या आत खातो पण उतरत नाही. मोजल्यावर दिसलं की त्यांनी सांगितल्यापेक्षा प्रत्यक्ष खाणं जवळजवळ दुप्पट होतं, आणि ती माणसं प्रामाणिक होती. माझ्याकडं तर आहारतज्ज्ञाचं शिक्षण घेतलेली मुलगीही स्वतःची नोंद करताना चुकलीय.

तुमच्या लिहिण्यात मला दोन जागा दिसतात. एक, "रविवार सोडून" हे दोन शब्द. दुसरी जागा तुम्ही लिहिलीच नाही, चहा. फौंड्रीत चहा किती वेळा फिरतो मला माहीत आहे, माझे अर्धे पेशंट उद्यमबागेतले आहेत. दूध-साखरेचा छोटा कप साठ-सत्तर कॅलरीचा. सहा-सात कप झाले की चारशेच्या वर, दोन भाकऱ्यांपेक्षा जास्त, आणि त्याला कुणी खाणं म्हणत नाही. पोट रिकामं असलं की चहाचा हात आपोआप पुढं होतो. त्याबरोबर एखादी भजी. मी तुमच्या जागी असते तर हेच झालं असतं.

तेव्हा तुमच्यासाठी मी 'कमी कॅलरीचे पदार्थ' शोधणार नाही. दिवसाची बेरीज अठराशे-एकोणीसशे ठेवायची, आणि ती पोट भरणाऱ्या, पाणी आणि प्रथिन असलेल्या जेवणातून यायला हवी. रोजची सातशेची तूट, आठवड्याला अर्धा किलोच्या थोडं वर. ऐकायला कमी वाटतं, पण साडेचार महिन्यांत शून्य किलोपेक्षा ते बरं.

भाकरी परत सुरू करा, आजच. सकाळी निघताना एक भाकरी आणि दोन उकडलेली अंडी, चारशेच्या आसपास, चहा धरून. अंडी खात नसाल तर मुगाची उसळ. डब्यात दोन भाकऱ्या, मटकीची किंवा मसुराची उसळ, एक पालेभाजी, कांदा, आणि बाटलीभर पातळ ताक, मीठ घालून. काकडी-टोमॅटोही ठेवा, पण भाकरीच्या सोबत, तिच्या बदल्यात नाही. डबा पावणेसातशेचा होईल. संध्याकाळी घरी आल्यावर मूठभर फुटाणे आणि एक पेरू. तीस ग्रॅम फुटाण्यात ११० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिन, आणि चावायला वेळ लागतो हा फायदा वेगळाच. रात्री दीड वाटी भात, घट्ट वरण, भाजी, थोडं दही. आमच्याकडं खानापूर बाजूचे लोक भाताशिवाय जेवल्यासारखं मानत नाहीत आणि अथणी-गोकाककडचे जोंधळ्याशिवाय. तुम्ही कुठल्या बाजूचे ते लिहिलं नाही, पण दोन्ही चालतं, मोजून. यात प्रथिन ६५ ग्रॅमच्या आसपास बसतं, तुमच्या वजनाला तेवढं हवंच. प्रथिन पचवतानाच त्यातली पाव हिश्श्यापर्यंत ऊर्जा खर्ची पडते, पिष्टाला त्याच्या निम्मीही नाही, तेलाला नगण्य. पण खरा फायदा भूक थांबते आणि वजन उतरताना स्नायू झिजत नाहीत, हा.

तेल मात्र मोजा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, ही माझी घरगुती रेघ. रोजचे तीन चहाचे चमचे होतात. एक तारखेला घरातल्या माणसांच्या हिशेबानं तेल एका डब्यात काढून ठेवायला सांगा आणि तो डबा कधी संपतो ते बघा. बहुतेक घरांत पंधरा-सोळा तारखेला तळ दिसतो.

सकाळी घाई असेल त्या दिवशी नाचणीची आंबील चालेल. तीस ग्रॅम पीठ, शंभर कॅलरी, आणि ताक घालून तांब्याभर होते. कमी कॅलरीचं पण पोट भरणारं असं तुम्ही जे शोधत होता ना, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट ही. तेवढ्यावर शिफ्ट मात्र काढू नका, दहा वाजता भाकरी खा.

धगीजवळ काम करताना घाम जातो, त्याबरोबर मीठ आणि पाणी. तीन वाजताचं गळून जाणं कधी कधी नुसतं त्याचं असतं आणि आपण ते भुकेच्या खात्यावर टाकतो. ताक, लिंबू-मीठ-पाणी दिवसभर घोट घोट घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मिठाबद्दल तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर हे वरचं काहीच माझ्या सांगण्यावरून बदलू नका, कारण जेवण बदललं की डोस बदलावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनाचा आकडा वेगळा. यांतलं काही आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि एक तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. शाकाहारी असाल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता चांगलीच आहे. ते कमी असलं तर मी सांगितलेलं सगळं खाऊनही तीन वाजता हातपाय गळतीलच, आणि तुम्ही म्हणाल बाईंचा सल्ला फुकट गेला.

पुन्हा भाकरी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात काटा एक-दीड किलो वर जाईल. रिकामा झालेला खिसा पाण्यासकट भरतो म्हणून. घाबरून पुन्हा काकडीवर जाऊ नका. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहा, सकाळी, काही खाण्याआधी, आणि चार आठवड्यांचे चार आकडे झाले की मगच त्याकडं बघा. दरम्यान सात दिवस खिशात चिठ्ठी ठेवा, तोंडात जाईल ते लिहा, रविवारसकट. सुरुवात चहाच्या कपांपासून करा. ती चिठ्ठी आणि रक्ताचे आकडे इथं टाका, पुढचं त्यावरून बोलू. आणि डब्यात दोन भाकऱ्या द्यायला मंडळींना आज रात्रीच सांगून ठेवा.